केळीची गाडी, एमपीएससीचे अटेम्प्ट आणि बिझनेस स्कूलचा फॉर्म

मावसभावाचा रात्री साडेअकराला मेसेज. "ताई मी बीए, चार वर्षं एमपीएससीत गेली, आता धुळ्याला काकांच्या कृषी केंद्रावर बसतो, मला कोण घेणार आयआयएममध्ये, उगाच फॉर्मचे पैसे वाया." त्याला व्हॉइस नोट करायला घेतली ती सतरा मिनिटांची झाली आणि तरी अर्धं राहिलं, म्हणून आता लिहूनच काढते. हाच प्रश्न मला चोपड्यातून, शिरपूरहून, भुसावळच्या रेल्वेतल्या एका दादाकडून पण आलाय, फक्त बीएच्या जागी बीकॉम नाहीतर डीएड.

आधी माझं सांगते म्हणजे मी कोणत्या तोंडाने बोलतेय ते कळेल. चोपडा तालुका, घरी केळी, वडिलांचा केळी खरेदीचा आणि थोड्या एक्सपोर्टचा धंदा, दहावीला ७१ टक्के, अमळनेरला बीकॉम, मग पाच वर्षं घरच्याच धंद्यात. पहिल्या वर्षी चार ठिकाणी फॉर्म भरले, चारही ठिकाणी नकार, त्यातल्या तीन ठिकाणी तर इंटरव्ह्यूचा कॉलसुद्धा नाही. दुसऱ्या वर्षी त्याच दहावीवर, त्याच धंद्यावर एका वर्षाच्या एमबीएला सिलेक्शन झालं. मधल्या वर्षात मी काही एकदम हुशार झाले नव्हते, स्कोअर थोडा वाढला हे खरं, पण मुख्य म्हणजे फॉर्ममध्ये काय लिहायचं आणि त्याच्या मागे कागद काय लावायचे ते कळलं होतं.

तर पहिलं काम, कोणत्या बाजूने आत शिरायचं ते ठरवा. बहुतेक जण इथेच चुकतात, सगळे कॅट (आयआयएमची प्रवेशपरीक्षा) देतात म्हणून आपण पण कॅट. दोन वर्षांचा रेग्युलर एमबीए पाहिजे असेल तर कॅट, पदवीला ५० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५, शाखा कोणतीही चालते. गेली काही वर्षं परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात. पण आयआयएमवाले नुसता कॅटचा स्कोअर बघत नाहीत, दहावी, बारावी, पदवी, अनुभव, मुलगी आहे का, इंजिनिअर सोडून दुसरी शाखा आहे का, असं सगळं मिळून शॉर्टलिस्ट लागते आणि प्रत्येक आयआयएमचं वजन वेगवेगळं. हे सगळं त्यांच्या अ‍ॅडमिशन पॉलिसीत लिहिलेलं असतं, पीडीएफ असते, कोणी वाचत नाही. दहावी-बारावीला मार्क कमी असतील तर जिथे शाळेच्या मार्कांना जास्त वजन आहे ते कॉलेज सरळ यादीतून काढा, इंदूरचं नाव यात नेहमी घेतात. आणि बीए-बीकॉमवाल्यांना शाखेचे थोडे मार्क जास्त मिळतात ते खरं, पण ती काही सवलत नाही, कॅटमध्ये मार खाल्ला तर शाखा वाचवत नाही.

तुमचं वय २७-२८ च्या पुढे असेल आणि नीट चार-पाच वर्षं काम झालेलं असेल तर एका वर्षाचे प्रोग्राम बघा. अहमदाबाद आयआयएमचा पीजीपीएक्स किमान चार वर्षं अनुभव मागतो, बंगलोरचा ईपीजीपी आणि कलकत्त्याचा एक वर्षाचा प्रोग्राम पाच, हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी किमान दोन. तिथे जीमॅट किंवा जीआरई या जगभर चालणाऱ्या प्रवेशपरीक्षांपैकी एक लागते. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा त्या एकाच अ‍ॅडमिशनपुरता, आपल्यासारख्या काम सांभाळून अभ्यास करणाऱ्यांना हा फार मोठा फरक आहे, कारण कॅटच्या वेळेला नेमका कापसाचा सीझन जोरात असतो. आणि शेतीशी संबंध असेल, विशेषतः बीएस्सी अ‍ॅग्री झालेल्यांनी, अहमदाबादचा फूड अँड अ‍ॅग्रीबिझनेसचा कोर्स, लखनौचा अ‍ॅग्रीबिझनेस, हैदराबादची मॅनेज आणि आणंदची इर्मा या संस्था, ही चार नावं लिहून ठेवा. तिथे केळीबाग आणि ठिबक ही तुमची ताकद धरतात, मला हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

आता कागद. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण मी इथेच मेले.

घरच्या धंद्यात काम केलं तर अनुभव सिद्ध कसा करायचा? मला वडील पगार द्यायचे नाहीत, लागेल तेव्हा घरातून घ्यायचं, झालं. पहिल्या वर्षी मी फर्मच्या लेटरहेडवर वडिलांच्या सहीचं एक अनुभवपत्र जोडलं, बापाने पोरीला दिलेलं सर्टिफिकेट, आता मलाच हसू येतं. एका ठिकाणाहून ईमेल आला की पगाराचा पुरावा आणि आयटीआर पाठवा, माझ्याकडे दोन्ही नाही. म्हणून जे आज घरच्या दुकानात, जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये बसतात त्यांनी फॉर्मच्या किमान दोन वर्षं आधीपासून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार बँकेतून घ्यायला सुरुवात करा, भले पंधरा हजार असू दे, स्वतःचा आयटीआर भरा, फर्मचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी रिटर्न एका फाइलमध्ये ठेवा, भागीदार असाल तर भागीदारीपत्रात नाव घाला, आणि सीएकडून तुमचं काम आणि कालावधी लिहिलेलं पत्र घ्या. आमच्याकडे आणखी एक घोळ, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून घरात कोणी आयटीआर भरतच नाही, पण दुसऱ्यांची केळी विकत घेऊन पुढे विकणं ही शेती नाही, तो धंदा आहे, त्याच्यावर टॅक्स आहे. हे दोन्ही एकाच खात्यात कालवून ठेवलं असेल तर आधी ते वेगळं करा. आणि अनुभव पदवीनंतरचा फुल-टाइमच धरतात, कॉलेजात असताना सुट्टीत काट्यावर बसलात ते गप्पांत सांगा, फॉर्मच्या महिन्यांत मोजू नका.

नावाचं पण बघून घ्या. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, पदवीवर वेगळ्या स्पेलिंगचं वडिलांचं नाव, आधारवर तिसरंच. जीमॅटला मी पासपोर्ट दाखवला, त्याच्यावर जसं नाव तसंच रजिस्ट्रेशनला पाहिजे, अक्षर इकडचं तिकडे नको. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, लग्न झालेल्या मुलींनी तर हे सगळ्यात आधी.

जातीच्या दाखल्यात आपल्याकडची पोरं दरवर्षी अडकतात. ओबीसीचा राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला वेगळा, राज्याची यादी आणि केंद्राची यादी पण वेगळी, आयआयएमला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर लागतो आणि तोही त्या आर्थिक वर्षातला. सेतूवाल्याला नुसतं "नॉन-क्रीमी लेयर काढून दे" म्हटलं की तो राज्याचा काढून देतो, त्याची चूक नाही, त्याला रोज तोच लागतो, तुम्ही नमुन्याची प्रिंट घेऊन जा. क्रीमी लेयरच्या आठ लाखांत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत (जमिनीला वेगळा निकष आहे), पण ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटक) सगळं उत्पन्न धरतात आणि कुटुंबाची पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली की ईडब्ल्यूएस मिळतच नाही, मग ती जमीन कोरडवाहू का असेना. सातबारा बघूनच कॉलम भरा, नंतर बदलता येईल या भरवशावर राहू नका.

आता लिहायचं काय. पहिल्या वर्षी मी एका मोठ्या शहरातल्या कन्सल्टंटला पैसे देऊन फॉर्मसोबतचा एस्से (स्वतःबद्दलचा निबंध) लिहून घेतला. त्याने माझं पार आयटीवाल्यासारखं करून टाकलं, स्टेकहोल्डर, सिनर्जी, एंड-टू-एंड, मला स्वतःलाच वाचून कळेना की ही बाई कोण. दुसऱ्या एका कॉलेजसाठी मी स्वतः लिहिला तर उलटं टोक, दुष्काळ, आई चारला उठते, लाइट नाही, बापाच्या हाताला घट्टे. खोटं एक अक्षर नव्हतं, पण त्यात मी कुठेच नव्हते. वाचणाऱ्याला वाईट वाटलं असेल आणि त्याने पुढची फाइल उघडली असेल. खेड्यातून आलो याचे वेगळे मार्क मिळत नाहीत हो, खेड्यात बसून काय ठरवलं आणि त्याचं काय झालं हे विचारतात.

माझंच एक वाक्य घ्या. आधी असं होतं: "मी वडिलांना केळीच्या व्यवसायात मदत केली, शेतकऱ्यांचे कष्ट जवळून पाहिले आणि त्यातून नेतृत्व शिकले." हे वाक्य जळगाव जिल्ह्यातली कोणतीही पोरगी लिहू शकते. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं ते साधारण असं की, आमचा माल १३ किलोच्या बॉक्समध्ये रीफर (आतून थंड ठेवलेल्या) कंटेनरने आखातात जायचा, एका उन्हाळ्यात दहापैकी तीन कंटेनरवर समोरच्याने क्लेम (नुकसानभरपाईचा दावा) लावला की माल पोचेपर्यंत पिकायला लागला. वडिलांचं म्हणणं कंटेनरचं तापमान बिघडलं. मी तापमानाची नोंद काढली तर १३ डिग्रीच्या आसपास बरोबर होती, म्हणजे गडबड आपल्याकडेच. मग आठ दिवस बागेत उभी राहिले. घड कापायचे अकरा वाजता, आणि ट्रॉली पॅकहाऊसला पोचेपर्यंत दोन, खान्देशातलं मे महिन्याचं ऊन, फळ आतून तापलेलं आणि आम्ही ते तसंच पॅक करून कंटेनरच्या भरवशावर सोडायचो. कापणी पहाटे पाच ते नऊ करायची ठरवली. मजुरांची टोळी नाही म्हणाली, बायका म्हणाल्या आम्ही घरचा स्वयंपाक कधी करायचा, बरोबरच होतं त्यांचं. मग बॉक्समागे दर वाढवून दिला आणि न्यायला-आणायला गाडी लावली, वडील दोन दिवस बोलले नाहीत. एका शेतकऱ्याने वैतागून माल दुसऱ्या व्यापाऱ्याला दिला, तोही लिहिला मी. पुढच्या उन्हाळ्यात दहात एक क्लेम आला, आणि वाढवलेला दर आणि गाडीचा खर्च वजा करूनही कंटेनरमागे पैसे उरले, किती उरले तो आकडा एस्सेत टाकला.

एवढंच. एकाही जागी "नेतृत्व" शब्द नाही. तुमच्याकडे केळी नसेल तर दुसरं काहीतरी असेलच, झेडपीच्या शाळेत पट कसा टिकवला, रेल्वेत रोस्टर कसं बसवलं, दवाखान्यात औषधांचा स्टॉक कसा लावला. अडचण काय होती, तुम्हाला वेगळं काय दिसलं, कोण विरोधात होतं, किती पैसे-वेळ-माणसं, आणि शेवटी काय झालं, फसलं असेल तर कसं फसलं. भाषा साधी ठेवा. आधी मराठीत बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मग इंग्रजीत लिहा, मी तसंच केलं, सरळ इंग्रजीत लिहायला बसलं की आपोआप तो कन्सल्टंट अंगात येतो.

एमपीएससीवाल्यांसाठी. गॅप लपवू नका, आणि त्याच्याबद्दल रडू पण नका. किती अटेम्प्ट, पूर्व निघाली का, मुख्य दिली का, कधी आणि का थांबलात, दोन-तीन ओळी बस. "समाजसेवेची इच्छा होती" असं लिहिलं की पॅनेल विचारतं मग आता का सोडली, आणि तिथे भल्याभल्यांची वाचा बसते. खरं कारण सांगा, चार वर्षांत झालं नाही आणि पाचवं वर्ष द्यायचं नाही असं ठरवलं, या वाक्याला कोणी नावं ठेवत नाही. पण थांबल्यापासून आजपर्यंत काहीतरी पगाराचं किंवा जबाबदारीचं काम पाहिजे, त्याला पर्याय नाही. अजून रिकामे बसलेले असाल तर या वर्षी फॉर्म भरू नका, आधी वर्षभर काम करा.

शिफारसपत्र बापाचं, काकांचं, मेहुण्याचं नको. मी आमच्या दुबईच्या खरेदीदाराला विचारलं, तो पाच वर्षं माझ्याशीच फोनवर भांडत होता, त्याच्याइतकं मला कोण ओळखणार. सीए, बँकेचा मॅनेजर, शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक, मोठा पुरवठादार, यांच्यापैकी ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय तो. आमदारांचं पत्र आणू नका प्लीज, आमच्याकडे सगळ्यांना आधी तेच सुचतं.

परीक्षेवर थोडक्यात, कारण त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. कॅट दोन तासांची, तीन सेक्शन, प्रत्येकी ४० मिनिटं, एका सेक्शनमधून दुसऱ्यात उडी मारता येत नाही, बरोबरला ३, पर्यायवाल्या प्रश्नात चुकलं तर वजा १. जीमॅट आता सव्वादोन तासांची, ६४ प्रश्न, क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स, स्कोअर २०५ ते ८०५, भूमिती काढून टाकलीय. फी डॉलरमध्ये, वीस हजारांच्या वर जाते, म्हणून मॉक (सराव परीक्षा) नीट निघायला लागल्याशिवाय तारीख घेऊ नका. मराठी मीडियमवाल्यांना गणिताचं टेन्शन नसतं, मार बसतो रीडिंगला, त्याला एकच इलाज, वर्षभर रोज दोन मोठे इंग्रजी लेख, पेपरचं संपादकीय धरून. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. जीमॅट घरून ऑनलाइन देता येते पण गावाकडे लाइटचा काय भरवसा, मी रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन सेंटरवर दिली आणि परतीला जळगाव येईपर्यंत गाढ झोपले.

इंटरव्ह्यू. तयारी माझी कंपन्यांची, बॅलन्स शीटची, आणि त्यांनी विचारलं केळीबद्दल. पहिलाच प्रश्न, जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते, मग निर्यातीत इक्वाडोर पुढे का. हा माझा रोजचा विषय आणि तरी मी पहिलं अर्धा मिनिट चाचपडले, कारण मी कधी चार वाक्यांत मांडून बघितलाच नव्हता. मग सांगितलं की आपली जवळपास सगळी केळी आपणच खातो, बागा छोट्या छोट्या, एकाच गाडीत पाच शेतकऱ्यांचा माल, कोणाची नवती (नव्या लागवडीचं पहिलं पीक) कोणाचा पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांचं पीक), एकसारखा साइज मिळत नाही, तिकडे मोठ्या बागा आणि बागेपासून बोटीपर्यंत थंडाव्याची साखळी. त्यावर पुढचा प्रश्न, मग तुम्ही यातलं काय बदलू शकता आणि काय नाही. इथे गाडी रुळावर आली.

दुसऱ्या सरांनी कॉलेजचं गाव बघून विचारलं, अमळनेरचा आणि विप्रोचा काय संबंध. हे येत होतं, १९४५ साली तिथेच वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरुवात. लगेच म्हणाले, मग आज तशी कंपनी अमळनेरला का सुरू होत नाही? मी पाणी, रेल्वे, पोरं पुण्याला जातात वगैरे काहीतरी बोलले, समाधान त्यांचंही झालं नाही आणि माझंही. मुद्दा एवढाच की तुमच्या गावाबद्दल, धंद्याबद्दल आणि मागच्या पाच वर्षांच्या भावाबद्दल तुम्हाला पॅनेलपेक्षा जास्त माहीत पाहिजे. केळीला जीआय टॅग (त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख) कधी मिळाला, सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर बाग का उपटावी लागते, विमा कसा मिळतो. इंग्रजी मोडकं असलं तर चालतं, माझं "ऑलरेडी" प्रत्येक वाक्यात असतं, पण माहीत नसलेलं ठोकून देऊ नका, ते लगेच पकडतात.

पैशांचं लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि घरचे सगळ्यात आधी. एका वर्षाच्या मोठ्या प्रोग्रामची फी तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते, दिल्ली विद्यापीठाच्या एफएमएस या बिझनेस स्कूलची अजून काही लाखांतच आहे, तिथे कॅटनेच जाता येतं. आमच्या आबांनी पहिल्याच दिवशी सातबारा काढून ठेवला होता गहाण टाकायला, पण शेतजमीन सरफेसी कायद्यातून (थकलेल्या कर्जाचं तारण विकून बँकेने वसुली करायचा कायदा) वगळलेली आहे म्हणून शिक्षणकर्जाला बहुतेक बँका ती तारण धरत नाहीत. आणि नावाजलेल्या संस्थेत नंबर लागला तर सरकारी बँका बऱ्याच मोठ्या रकमेपर्यंत बिनतारण देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी पण बघा, तारण नाही, जामीनदार नाही, आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याजाची सूट. गावातल्या शाखेला कधी कधी स्वतःचीच स्कीम माहीत नसते, मला दोन वेळा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी सर्क्युलरची प्रिंट घेऊन गेले तेव्हा साहेबांनी चहा मागवला.

आजीचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत तोच राहिला, "इतलं शिकीसन काय करशी वं माय?" पॅनेलने पण हेच विचारलं, फक्त इंग्रजीत.

हां, मावसभाऊ. त्याला हे सगळं सांगितल्यावर त्याचं उत्तर, "ताई पण मी दुकानात काय करतो, फक्त उधारी लिहितो." मी विचारलं किती खाती आहेत. म्हणे एकशे चाळीस. उधारी कोणाला द्यायची कोणाला नाही ते कोण ठरवतं? "मागच्या वर्षीपासून मीच, काका सगळ्यांना द्यायचे, मी ज्यांचे दोन सीझन थकले त्यांना बियाणं दिलं पण औषधं रोखीने केली, कापूस विकल्यावर वसुलीला पण मीच जातो." आणि वसुली वाढली का? पाच मिनिटं काही नाही, टायपिंग, मग थांबलं, परत टायपिंग. "वाढली वाटतं, मोजली नाही कधी. वही दुकानात आहे, सकाळी उघडलं की बघून फोटो टाकतो."